मिठातलं औषध

१९१०च्या जानेवारीत कुंभकोणममधल्या एका बावीस वर्षांच्या बेकार तरुणावर हायड्रोसीलची शस्त्रक्रिया झाली. घरात पैसा नव्हता. एका डॉक्टरनं फी न घेता ती केली, म्हणून झाली. तरुणाचं नाव श्रीनिवास रामानुजन. घर सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर, वडील कापडाच्या दुकानात कारकून, आणि स्वतः कॉलेजात गणित सोडून सगळ्या विषयांत नापास. पुढच्या दहा वर्षांत काय घडलं ते जगाला ठाऊक आहे. पण ते बहुतेक गणिताच्या बाजूनं. त्याच दहा वर्षांत या माणसानं आजाराचाही मोठा प्रवास केला. एका अर्थानं तो प्रवास त्याच्या गावाचाही आहे, कारण लांबणारे, वर्षानुवर्षं चिकटून राहणारे आजार कुंभकोणमच्या पाचवीला पुजलेले होते.

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेलं हे देवळांचं गाव. भातशेती, कालवे, तळी, उघडी गटारं. तमिळ बोलण्यात कुंभकोणम आणि हत्तीपाय यांची सांगड इतकी घट्ट आहे की गावाचं नाव काढताच जुनी माणसं पानविडा, कॉफी आणि सुजलेला पाय एकाच दमात आठवतात. हत्तीरोगाच्या मुलखात पुरुषांची सर्वांत नेहमीची तक्रार हायड्रोसीलची असते. पाय सुजणं त्यामानानं कमी जणांच्या वाट्याला येतं. क्युलेक्स जातीचा डास हा रोग पसरवतो. त्याला मंदिराच्या तळ्यापेक्षा घरामागचं साचलेलं सांडपाणी अधिक मानवतं.

मराठी माणसाला हे गाव अगदीच परकं नाही. एकोजीराजांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं, तेव्हापासून १८५५पर्यंत तिथं भोसल्यांची गादी होती. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणममध्येच, एका तंजावरी देशस्थ घराण्यात जन्मले. औषधपाण्याच्या इतिहासात मात्र महत्त्वाचे ते सरफोजीराजे दुसरे. राज्यकारभार १७९९मध्येच कंपनीच्या हाती गेलेला, उरला होता किल्ला, ग्रंथ आणि भरपूर वेळ. राजांनी धन्वंतरी महाल उभारला, देशी आणि युरोपी औषधं एका छपराखाली आणली, आणि वैद्यांनी पारखलेले उपाय तमिळ पद्यात बांधून घेतले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावानं ते ग्रंथ आजही तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. डोळ्यांच्या रुग्णांचे कागदही राजांनी ठेवले होते: कोण आला, काय दुखणं, काय केलं, पुढे कसं झालं. शेवटची नोंद महत्त्वाची आहे. औषध दिल्यावर रुग्णाचं काय झालं हे विचारण्याची गरज त्या काळी फार थोड्यांना वाटत असे.

तमिळ मुलखातला सिद्धवैद्य औषध देताना बहुधा एक ‘मंडलम’ सांगतो, म्हणजे ४८ दिवस. इतके दिवस आंबट नको, मासे नकोत, अमुक वेळी अमुक काढा. शबरीमलैला जाणाऱ्या भक्ताचं व्रतही परंपरेनं मंडलकाळाचंच, मात्र ते ४१ दिवसांचं. त्यामुळे पथ्य पाळणाऱ्याला घरात कोणी वेड्यात काढत नाही. व्रतस्थ माणसाचं ताट वेगळं वाढायची सवय प्रत्येक घराला असते. या उपचारानं गुण किती येई हा प्रश्न वेगळा. पण नेम पाळण्याच्या दृष्टीनं त्यात एक मोठी सोय होती: त्याला शेवटचा दिवस होता. पुढे डॉक्टरांनी ज्या गोळ्या आणल्या त्यातल्या अनेकांना शेवटचा दिवसच नव्हता, आणि वेगळं ताट वाढणारं घरही पाठीशी नव्हतं.

रामानुजन मार्च १९१४मध्ये मद्रासहून बोटीत बसले. केंब्रिजला तीन वर्षं बरी गेली. १९१७च्या वसंतात आजार जडला आणि तिथून पुढे एकामागून एक रुग्णालयं सुरू झाली: केंब्रिजचं शुश्रूषागृह, वेल्स गावाजवळचं मेंडिप हिल्स, डर्बीशरमधलं मॅटलॉक, लंडन, पटनी. निदानं बदलत राहिली. जठरातला व्रण, क्षय, १९१०च्या शस्त्रक्रियेशी नातं जोडलेला कर्करोगाचा संशय. बहुतेक काळ उपचार झाला तो क्षयाचा. पण १९१७मध्ये क्षयावर औषध कुठं होतं? होता फक्त नेम. उघड्या खिडक्या, थंड हवा, सक्तीची विश्रांती आणि भरपूर खाणं.

गंमत अशी की मेंडिप हिल्सचे प्रमुख डॉक्टर मद्रासकडचेच होते, डॉ. चौरी मुत्तू. त्यांचा मोकळ्या हवेवर गाढ विश्वास. हिवाळ्यातल्या इंग्लंडात, उघड्या खिडकीखाली कुंभकोणमचा माणूस. मॅटलॉकहून रामानुजन यांनी लिहिलेल्या पत्रात कुडकुडण्याची तक्रार आहे, आणि न्हाणीघरं तेवढी उबदार असल्यानं वही-पेन घेऊन तिथं जाऊन बसायचा बेतही आहे. खाण्याचं त्याहून बिकट. कट्टर शाकाहारी, तेही युद्धाच्या टंचाईत. मित्र ए. एस. रामलिंगम जून १९१८मध्ये मॅटलॉकला तीन दिवस राहून आले आणि त्यांनी केंब्रिजमधले गणिती हार्डी यांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात बराचसा मजकूर गणिताचा नाही, जेवणाचा आहे. स्वयंपाक करणाऱ्यांना भाज्या रांधता येत नव्हत्या आणि रुग्णाला चिंच, लोणचं, तुपात तळलेले अप्पळम हवे होते. डॉक्टरांच्या आणि मित्रांच्या लेखी हा हट्टी रुग्ण ठरला, आणि चरित्रांमधूनही तो शेरा तसाच पुढे आला.

तो शेरा तपासून पाहायला हवा. रामानुजन हट्टी होते यात शंका नाही. पण त्यांना सांगितलेला नेम पाळायला आधी इंग्रज असावं लागलं असतं.

मार्च १९१९मध्ये ते मुंबईला उतरले. मद्रास, मग कावेरीकाठचं कोडुमुडी, सप्टेंबरमध्ये कुंभकोणम, जानेवारीत पुन्हा मद्रास. क्षयाचे नाणावलेले प्राध्यापक डॉ. पी. एस. चंद्रशेखर यांनी उपचार हाती घेतले. इथंही रुग्ण डॉक्टरांशी वाद घालत होता, औषधाला कंटाळला होता, चिडत होता. पण इथं पत्नी जानकी होत्या, विशीतल्या. भात, लिंबाचं सरबत, ताक वेळच्या वेळी द्यायचं. छातीत किंवा पायांत कळ आली की गरम पाण्यात पिळलेल्या कापडानं शेकायचं. हे काम त्यांनी वर्षभर केलं, आणि वृद्धपणी भेटायला येणाऱ्यांना त्या तेच सांगत असत. याच काळात अंथरुणावर पाटी-कागद घेऊन रामानुजन मॉक थीटा फलनं लिहीत होते. हार्डींना त्याविषयीचं पत्र जानेवारी १९२०चं आहे. २६ एप्रिल १९२०ला मद्रासच्या चेटपट भागातल्या बंगल्यात ते गेले. वय ३२.

जानकी १९९४च्या एप्रिलमध्ये वारल्या. त्याच वर्षी डी. ए. बी. यंग या इंग्रज डॉक्टरांनी जुने कागद तपासून वेगळं मत मांडलं: हा क्षय नव्हताच, यकृतातला अमीबांचा विकार असावा, तारुण्यात झालेल्या आमांशाचं उरलेलं देणं. हे खरं असेल तर दुखणं त्या काळीही औषधाच्या आवाक्यात होतं. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स १९१२पासून आमांशावर एमेटीनची इंजेक्शनं देत होते. म्हणजे ज्याला दोन-तीन वर्षं ‘नेम पाळत नाही’ म्हणून बोल लावला, त्याला पाळायला दिलेला नेमच बहुधा चुकीच्या रोगाचा होता. रुग्णाच्या नावानं खडे फोडताना हा मुद्दा सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही.

चौरी मुत्तू भारतात परतले आणि १९२८मध्ये त्यांनी मद्रासजवळ तांबरमला क्षयरुग्णालय काढलं. आज ते सरकारी आहे आणि देशातल्या मोठ्या छातीरोग रुग्णालयांत मोडतं. हवा, दूध, अंडी, विश्रांती हा जुना उपचार तिथं आणखी दोन दशकं चालला. मग औषधं आली: १९४३ला स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, पाठोपाठ पीएएस, १९५२मध्ये स्वस्त आणि गुणकारी आयसोनायझिड. भारतात क्षयरोगी लाखोंनी आणि खाटा हजारांत. सगळ्यांना रुग्णालयात ठेवणं अशक्य. घरी ठेवून गोळ्या दिल्या तर?

हा प्रश्न सोडवण्यासाठी १९५६मध्ये मद्रास सरकार, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून क्षयरोग रसायनोपचार केंद्र काढलं. जागा चेटपट. रामानुजन गेले त्याच भागात, ३६ वर्षांनी. प्रमुख म्हणून डॉ. वॉलेस फॉक्स आले. १९३ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एक गट रुग्णालयात, चांगल्या जेवणासह. दुसरा मद्रासच्या गरीब वस्त्यांतल्या आपापल्या खोल्यांत. दोघांना आयसोनायझिड आणि पीएएस, वर्षभर. १९५९मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा जगभरचे क्षयतज्ज्ञ चकित झाले. घरचे रुग्ण कमी खाऊन, दाटीवाटीत राहून, कामधंदा करूनही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. घरातल्या इतरांवर पुढे पाच वर्षं लक्ष ठेवलं. रुग्ण घरी राहिल्यामुळे त्यांच्यात रोग वाढला नव्हता. युरोप-अमेरिकेतली क्षयरुग्णालयं पुढच्या काळात बंद पडत गेली, त्यामागे मद्रासच्या या खोल्यांचा मोठा हात आहे.

एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्याच प्रयोगाची दुसरी, कमी सांगितली जाणारी बाजू म्हणजे गोळ्या खरोखर पोटात जातात का याची पहिली पद्धतशीर झडती. केंद्राची माणसं न कळवता रुग्णाच्या घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, आणि लघवीचा नमुना मागत. त्यात फेरिक क्लोराइड टाकलं की पीएएस घेणाऱ्याच्या लघवीचा रंग पालटतो. न घेणाऱ्याचा पालटत नाही. रुग्ण तोंडानं काहीही म्हणो. पीएएसचा डोस दिवसाला कित्येक ग्रॅम, चव घाण, मळमळ ठरलेली. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबलेला, अंगात ताकद आलेली, मग उरलेले नऊ महिने हे कशाला गिळायचं? फॉक्स यांनी १९५८मध्येच रुग्णानं आपल्या हातानं औषध घेण्याच्या प्रश्नावर स्वतंत्र लेख लिहिला. त्यांच्या कामातून निघालेली गोष्ट डॉक्टरांना आवडणारी नव्हती: कोण नेमानं घेईल आणि कोण नाही हे चेहऱ्यावरून, शिक्षणावरून किंवा गोड बोलण्यावरून ओळखता येत नाही.

मग चेटपटनं रुग्णाला सुधारायचा नाद सोडला आणि औषधाची रीत बदलून पाहिली. १९६४मध्ये त्यांनी आठवड्यातून दोनदा, कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत दिलेल्या स्ट्रेप्टोमायसिन-आयसोनायझिडचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोजच्या गोळ्यांइतकाच गुण, आणि गिळलं की नाही हा प्रश्नच नाही. १९९०च्या दशकात ‘डॉट्स’ या नावानं जगभर गेलेल्या योजनेची एक मुख्य मुळी ही. अर्थात याची किंमत रुग्णानंच मोजली. भारतातल्या डॉट्समध्ये आठवड्यातून तीन वेळा मजुरी बुडवून केंद्रावर जायचं, तिथं ओळखीचं कोणी भेटायला नको म्हणून लांबचं केंद्र निवडायचं. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरातल्या डॉट्स केंद्राबाहेर ही कुजबुज ऐकू येत असे.

कुंभकोणमच्या मूळ दुखण्याचं औषध तोवर आलेलं होतं. १९४७मध्ये डायएथिलकार्बामाझिन, म्हणजे डीईसी, हत्तीरोगाच्या कृमींवर चालतं हे कळलं. गोळी स्वस्त, बारा दिवसांचा कोर्स, कडक पथ्य नाही. १९५५मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा लागण असलेल्या भागातल्या सगळ्यांनाच ही गोळी खाऊ घालायचं ठरलं. काही वर्षांत तो बेत गुंडाळावा लागला आणि भर डासांच्या अळ्या मारण्यावर आला. लोकांनी सहकार्य केलं नाही, असं त्याचं कारण सांगितलं गेलं.

लोकांच्या जागी बसून पाहिलं तर चित्र निराळं दिसतं. हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमी रक्तात रात्री येतात. म्हणून तपासणीची माणसं रात्री दहानंतर दार वाजवतात आणि झोपलेल्या माणसाचं बोट टोचतात. त्यातून ज्याला ‘लागण आहे’ म्हणतात तो बहुतेक वेळा ठणठणीत असतो. पाय सुजायला अजून वर्षं लागणार, कदाचित सुजणारही नाही. तो गोळी घेतो आणि त्याच रात्री तापानं फणफणतो, डोकं दुखतं, उलट्या होतात. कारण औषध काम करतंय, कृमी मरताहेत. ज्याच्या अंगात कृमी नाहीत त्याला काहीच होत नाही. म्हणजे औषधाची ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते सर्वांत जास्त बाधतं. आणि ज्याचा पाय आधीच हत्तीसारखा झालाय, त्याचा पाय या गोळीनं उतरत नाही. शेजारी हे सगळं पाहत असतात. अशा गोळीला गावानं पाठ दाखवली तर त्याला अडाणीपणा म्हणणं हा आळशी निष्कर्ष आहे.

याच अरसलारच्या मुखाशी कारैकाल आहे, पुदुच्चेरीचा तुकडा. तिथं १९८०च्या दशकात वेगळीच युक्ती केली गेली: डीईसी रोजच्या खायच्या मिठात मिसळून विकायचं. आयोडीनयुक्त मीठ गलगंडासाठी आधीच आलं होतं, तीच वाट. मिठातून दिवसाला औषध जातं ते अगदी थोडं, त्यामुळे कृमी हळूहळू मरतात आणि ताप येत नाही. आठवण ठेवायला नको, रात्री बोट टोचायला नको, सांबारात मीठ पडलं की झालं. लागणीचं प्रमाण घसरलं. चीननं हीच रीत फार मोठ्या प्रमाणावर वापरली आणि २००७मध्ये हत्तीरोग संपवल्याची मान्यता मिळवली.

तरी भारतभर हे मीठ गेलं नाही. मिठात औषध घालायचं तर त्या प्रदेशातलं दुसरं सगळं मीठ बाजारातून उठवावं लागतं. कारैकालसारख्या लहान, समुद्रानं आणि सरहद्दीनं वेढलेल्या तुकड्यात ते निभतं. तंजावर जिल्ह्यात, जिथं वेदारण्यमची मिठागरं हाकेच्या अंतरावर, तिथं प्रत्येक पोत्यामागे कोण उभं राहणार? शिवाय जेवणात कोणी काय घालायचं हा प्रश्नही आहेच. न विचारता दिलेलं औषध नेमानं पोटात जातं हे खरं, पण मग नेम कोणाचा म्हणायचा?

सरकारनं अखेर मधला मार्ग धरला. १९९०च्या दशकात तमिळनाडूसह काही राज्यांत वर्षातून एकदा, एकाच दिवशी, सर्वांना एक डोस ही मोहीम सुरू झाली. २००४पासून ती देशभरच्या बाधित जिल्ह्यांत गेली. प्रौढ कृमी काही वर्षं जगतात, म्हणून डोस सलग काही वर्षं द्यायचा. बारा दिवसांऐवजी वर्षातला एक दिवस, हे गणित माणसाच्या स्वभावाला बरंच जवळचं. पण पहिल्या वर्षांत कर्मचारी गोळ्या घरी ठेवून जात आणि वहीत त्या ‘दिल्या’ म्हणून लागत. दिलेल्या आणि गिळलेल्या यांतलं अंतर पुढच्या पाहण्यांत सारखं उघडं पडलं. विदर्भात ही मोहीम वाचकांनी पाहिली असेल. नागपूर, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा हा आपल्याकडचा हत्तीरोगाचा पट्टा. २०१९मध्ये आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल ही तीन औषधांची नवी रीत देशात सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांत आली त्यांत नागपूर होतं, आणि तिथं आशाताईंना बजावलेलं होतं: हातात देऊ नका, समोर गिळायला लावा. चेटपटचं १९६४चं सूत्र.

कुष्ठरोगात हीच गोष्ट अधिक कडवट घडली. कुंभकोणमजवळ साक्कोट्टैला मिशनचं जुनं कुष्ठरुग्णालय आहे. डॅप्सोनची गोळी आली तेव्हा ती वर्षानुवर्षं, काहींना जन्मभर घ्यायची होती. तुटक घेतल्यानं आणि कमी घेतल्यानं जंतू तिला सरावले. १९८०च्या दशकात बहुऔषधी उपचार आले ते महिन्याच्या पाकिटात, दिवसाच्या क्रमानं लावलेल्या गोळ्यांसह, पहिला डोस कर्मचाऱ्यासमोर. आणि मुख्य म्हणजे कोर्सला शेवट आला.

क्षयाच्या गोळ्या गेल्या दशकात पुन्हा रोजच्या झाल्या आणि राखणीचं काम मोबाइलकडे गेलं. ‘९९डॉट्स’ नावाच्या योजनेत गोळीच्या पाकिटाला पुठ्ठ्याचं आवरण असतं. गोळी बाहेर काढली की आत दडलेला फोन क्रमांक दिसतो, त्यावर फुकटचा फोन लावायचा. फोन आला म्हणजे गोळी गेली, असा हिशेब. चेटपटच्या त्याच संस्थेच्या संशोधकांनी चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईत हा हिशेब तपासला. कशानं? लघवीतल्या आयसोनायझिडनं. फोन आणि लघवी यांचं पुरेसं जुळलं नाही. कोणी गोळी घेऊन फोन करत नव्हतं, कोणी फोन करून गोळी घेत नव्हतं.

आता कुंभकोणममध्येही भर आहे तो रक्तदाब आणि मधुमेहावर. ५ ऑगस्ट २०२१ला तमिळनाडू सरकारनं कृष्णगिरी जिल्ह्यातून ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ ही योजना सुरू केली. वस्तीतलीच एक बाई रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन दारी येते आणि गोळ्या हातात देते. रांग नाही, बसभाडं नाही, बुडालेला रोज नाही. ती समोर गिळायला लावत नाही. या आजारांत ते शक्यही नाही. पुढच्या खेपेला पट्टीत किती गोळ्या उरल्यात एवढं ती पाहू शकते, आणि उरल्या असल्या तर का, हे विचारू शकते. या प्रश्नाचं उत्तर लिहायला तिच्या फॉर्ममध्ये पुरेशी जागा ठेवली आहे का, यावर बरंच अवलंबून राहील.